कारखाना नसलेला मुख्यमंत्री

सोलापूर जिल्ह्याच्या नकाशात करमाळा वायव्येच्या टोकाला आहे. पश्चिमेला भीमा आणि पलीकडे पुणे जिल्हा, पूर्वेला सीना, पलीकडे परांडा, वर कर्जत-जामखेड. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर सव्वाशे किलोमीटरच्या पुढचा रस्ता. रेल्वे गावात नाही, ती जेऊरला. रावरंभा निंबाळकरांनी बांधलेलं कमलाभवानीचं मंदिर आणि केमचं कुंकू या दोन गोष्टींसाठी बाहेरच्यांना हा तालुका माहीत असतो. राजकारणाच्या इतिहासात मात्र करमाळ्याची एक वेगळी नोंद आहे, आणि ती खुद्द तालुक्यातही फारशी कुणी काढत नाही. महाराष्ट्राचे पहिले आणि आजवरचे एकमेव दलित मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांची विधानसभेतली पहिली जागा करमाळ्याची होती. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते इथून निवडून आले. ना त्यांचं गाव इथलं, ना शेती इथली, ना सोयरीक. ते सोलापूर शहरातले. तरीही त्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांत काय घडलं आणि काय घडू शकलं नाही, याची मांडणी या पोटनिवडणुकीतच झालेली दिसते.

शिंदे यांच्या आयुष्याची कहाणी बहुतेक वेळा जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. ४ सप्टेंबर १९४१ ला सोलापुरात, चामड्याच्या कामावर पोट असलेल्या ढोर समाजात जन्म. वडिलांचं छत्र लवकर गेलं. शिकता शिकता सोलापूरच्या सत्र न्यायालयात शिपायाची नोकरी, दयानंद महाविद्यालयातून पदवी, पुढे कायद्याची पदवी. १९६५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक, मुंबईत गुन्हे अन्वेषणाचं काम. १९७१ मध्ये शरद पवारांच्या सांगण्यावरून सरकारी नोकरीचा राजीनामा आणि काँग्रेस. कोर्टातला शिपाई पुढे देशाचा गृहमंत्री होतो, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. पण जिद्द ही गोष्ट माणसाच्या बाजूची आहे. तो वर कुठल्या वाटेनं गेला आणि कुठे अडला, हे वाटेच्या बाजूनं पाहावं लागतं. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे: महाराष्ट्रात राज्यपातळीवरचा नेता साधारणपणे साखर कारखाना, जिल्हा बँक आणि शिक्षणसंस्था या तीन पायांवर उभा राहतो. शिंदे यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. आणि काहीच नसणं हेच त्यांचं सर्वांत मोठं भांडवल ठरलं. कुणालाच त्यांची भीती नव्हती, म्हणून ते सगळ्यांना चालले. त्याच कारणानं त्यांना हलवणंही सगळ्यांना सोपं गेलं.

कारखाना म्हणजे नेमकं काय, हे ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा हेतू आर्थिक होता. शेतकऱ्याचा ऊस शेतकऱ्यानंच गाळायचा. पण काही वर्षांतच त्यातून सत्तेचं एक पूर्ण यंत्र तयार झालं. सभासदाच्या उसाची नोंद कधी लागेल, तोडणीची टोळी कुणाच्या फडात आधी जाईल, उचल किती आणि अंतिम भाव किती, वाहतुकीचं काम कोणाच्या ट्रॅक्टरला, कारखान्यात कुणाचा पोरगा कामाला लागेल, हे सगळं संचालक मंडळाच्या हातात आलं. कारखान्यामागून कॉलेज, दूध संघ, पतसंस्था, बाजार समिती. वर जिल्हा बँक. या सगळ्यांत अडकलेला माणूस मतदानाच्या दिवशी नेत्याला विसरू शकत नाही, कारण बारा महिने त्याचा त्याच्याशी संबंध येतो. निवडणूक हरली तरी कारखाना राहतो. पक्षानं तिकीट नाकारलं तरी कारखाना राहतो. मुंबईतून किंवा दिल्लीतून पद काढून घेतलं जातं, पण अकलूजचा, सांगलीचा, लातूरचा वा बारामतीचा कारखाना कुणाला काढून घेता येत नाही. महाराष्ट्रातल्या नेत्याचा ताठा असतो तो या गोष्टीचा.

आता १९७० च्या दशकातला करमाळा पाहू. ऊस तेव्हा इथे नावालाच होता. ज्वारीचा, पावसाच्या भरवशाचा तालुका. १९७२ चा दुष्काळ तोंडावर आदळला तेव्हा या भागातली माणसं खडी फोडायला, तलावाच्या कामावर, रस्त्याच्या कामावर गेली. उजनी धरणाचं काम चालू होतं. ते १९८० मध्ये पुरं झालं. त्याच्या फुगवट्यात तालुक्यातली भीमाकाठची गावं गेली आणि राहिलेल्या शिवारात पाणी आलं. आदिनाथ आणि मकाई हे तालुक्यातले दोन्ही सहकारी कारखाने त्यानंतरचे. म्हणजे शिंदे करमाळ्याचे आमदार होते त्या काळात, पुढे इथलं राजकारण ज्या खुंटाला बांधलं गेलं तो खुंट अजून रोवलाच गेला नव्हता. तालुक्याची सूत्रं नामदेवराव जगताप यांच्याकडे होती आणि जिल्ह्याच्या काँग्रेसमध्येही त्यांचा शब्द चालत असे. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. १९७२ ला तिथून तिकीट मिळेल या अपेक्षेनं शिंदे यांनी पोलिसातली नोकरी सोडली होती. तिकीट मिळालं ते तायाप्पा सोनवणे यांना. ते निवडून आले, पुढे त्यांचं निधन झालं, जागा रिकामी झाली आणि १९७४ मध्ये शिंदे विधानसभेत पोचले. त्यानंतर थोड्याच दिवसांत राज्यमंत्रिपदही मिळालं.

राखीव मतदारसंघ कसा चालतो हे इथे समजून घ्यायला हवं, कारण त्याबद्दलचा सर्वसाधारण समज उलटा आहे. राखीव म्हणजे फक्त उमेदवार राखीव, मतदार सगळेच. १९३२ च्या पुणे करारानं स्वतंत्र मतदारसंघांची मागणी बाजूला पडली आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा ही व्यवस्था आली. तिचा परिणाम असा की राखीव जागेवरून कोण जाणार हे बहुतेक ठिकाणी ज्यांची मतं जास्त ते ठरवतात. याचा सर्वांत कठोर पुरावा खुद्द बाबासाहेब आंबेडकरांच्या वाट्याला आला. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत, असे दोनदा ते लोकसभेच्या राखीव जागेवर पडले. ज्यांच्या लढ्यामुळे त्या जागा अस्तित्वात आल्या त्यांनाच त्या मिळाल्या नाहीत, कारण बहुसंख्य मतदारांना आणि सत्ताधारी पक्षाला दुसरा माणूस अधिक सोयीचा वाटला. तेव्हा १९७४ च्या करमाळ्यात शिंदे यांना निवडून यायचं तर तालुक्यातल्या मोठ्या समाजाच्या पुढाऱ्यांना ते चालायला हवे होते, आणि त्यासाठी त्यांच्यापासून कुणाला धोका नसावा लागत होता. बाहेरगावचा, सुशिक्षित, गोड बोलणारा, तालुक्यात गट बांधण्याचा हेतू नसलेला तरुण. अशा माणसाला जागा द्यायला कुणाचीच हरकत नसते. पण ती जागा त्याची होत नाही. त्याला ती वापरायला दिलेली असते. १९७८ ची निवडणूक येईपर्यंत मतदारसंघांची फेररचना होऊन करमाळा खुला झाला. शिंदे सोलापूरला गेले, आणि करमाळ्यात त्यांचा म्हणावा असा गट मागे राहिला नाही. चार वर्षं आमदार राहिलेल्या, मंत्री झालेल्या माणसाच्या नावानं तालुक्यात एखादी संस्था उरू नये, हे कारखानदाराच्या बाबतीत घडलं नसतं.

यापुढचा काळ बघितला तर चालण्याजोगा असण्याचा हा गुण किती कामी येतो ते दिसतं. १९७८ च्या जुलैमध्ये शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं सरकार बनवलं, तेव्हा शिंदे त्यांच्याबरोबर होते. ते सरकार १९८० मध्ये बरखास्त झाल्यावर ते इंदिरा काँग्रेसकडे वळले. पवार परत यायला १९८६ उजाडलं. म्हणजे गुरू बाहेर असताना शिष्य घरात आला आणि घरातल्यांनी त्याला नुसतं ठेवून घेतलं नाही, तिजोरीच्या किल्ल्या दिल्या. वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील-निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि पुन्हा शरद पवार अशी मुख्यमंत्र्यांची रांग बदलत गेली, आणि अर्थखात्यावर शिंदे यांचं नाव कायम राहिलं. त्यांनी नऊ अर्थसंकल्प मांडले. शंकररावांच्या काळात राज्यात आलेला शून्याधारित अर्थसंकल्प, म्हणजे मागच्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालण्याऐवजी प्रत्येक खर्चाची गरज मुळापासून तपासायची ही पद्धत, त्यांनीच सभागृहात मांडली. वसंतदादा आणि पवार यांचं वैर साऱ्या महाराष्ट्राला माहीत. शंकरराव आणि वसंतदादा यांचंही फारसं पटत नव्हतं. या तिघांनाही अर्थमंत्री म्हणून एकच माणूस चालला, याचं उत्तर केवळ त्याच्या हिशेबी बुद्धीत शोधून चालणार नाही. अर्थमंत्री सगळ्या खात्यांच्या पैशाला हात लावतो. तो दुसऱ्या एखाद्या कारखानदार गटाचा असेल तर मुख्यमंत्र्याला रात्री झोप येणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वरवरचा नाही. शिंदे मोठे झाले ते आरक्षणामुळे, राखीव जागा नसती तर ते कधीच दिसले नसते, असं म्हणणारे लोक सोलापुरातही आहेत आणि बाहेरही. पहिली जागा राखीव होती, हे खरं. पण निवडणुकांचा तपशील पाहिला की हा युक्तिवाद पायाशीच डळमळतो. १९९८ आणि १९९९ मध्ये शिंदे सोलापूरमधून लोकसभेवर गेले तेव्हा सोलापूरची जागा खुली होती; जिल्ह्यातली राखीव लोकसभा जागा तेव्हा पंढरपूरची. १९९६ मध्ये भाजपकडे गेलेली ती खुली जागा त्यांनी काँग्रेसला परत मिळवून दिली. २००३ आणि २००४ मध्ये ते ज्या दक्षिण सोलापूरमधून विधानसभेवर गेले, तोही खुला मतदारसंघ. सोलापूर लोकसभा राखीव झाली ती २००८ च्या फेररचनेनंतर, आणि त्या राखीव जागेवर ते २००९ ला जिंकले खरे, पण २०१४ ला भाजपच्या शरद बनसोडे यांच्याकडून सुमारे दीड लाखानं आणि २०१९ ला जयसिद्धेश्वर स्वामींकडून दीड लाखाच्या वर मतांनी हरले. म्हणजे खुल्या जागेवरही जिंकणारा आणि राखीव जागेवरही हरणारा असा हा नेता आहे. आरक्षणाच्या कुबडीचा आक्षेप घेणाऱ्यांनी हे कोष्टक एकदा समोर ठेवावं. खुल्या सोलापुरात ते जिंकले कारण शहरात गिरणी कामगार, विणकर पद्मशाली, मुस्लिम, दलित, लिंगायत अशी सरमिसळ होती. कुठल्याही एका कारखान्याचा शब्द तिथे अखेरचा नव्हता. कारखानदारीची पकड जिथे सैल होती तिथे या माणसाला स्वतःच्या बळावर मतं मिळाली. आणि २०१९ ला ती फाटली, कारण मोदींच्या लाटेबरोबरच प्रकाश आंबेडकर स्वतः मैदानात होते आणि त्यांनी सुमारे एक लाख सत्तर हजार मतं घेतली.

मुख्यमंत्रिपदाचा काळ हा या साऱ्या युक्तिवादाचा गाभा आहे. जानेवारी २००३ मध्ये विलासराव देशमुखांना बाजूला करून काँग्रेसश्रेष्ठींनी शिंदे यांना आणलं. १८ जानेवारीला शपथ झाली. त्याआधी पाच महिने, १२ ऑगस्ट २००२ ला, ते उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले होते आणि भैरोंसिंह शेखावत यांच्याकडून ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी हरले होते. हरणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेली ती निवडणूक होती. पक्षासाठी हरायला उभं राहणं हीही निष्ठेची एक पावती असते, आणि १९९९ मध्ये पवारांनी राष्ट्रवादी काढली तेव्हा त्यांच्यामागे न जाता अमेठीत सोनिया गांधींच्या प्रचाराची जबाबदारी सांभाळणं ही त्याहून मोठी. पण निष्ठावंत खूप होते. नेमकं शिंदे यांचंच नाव का? आघाडी सरकारची हवा बिघडली होती. देशमुखांच्या विरोधात पक्षातच धुसफूस होती. राष्ट्रवादीबरोबर सरकार चालवायचं तर ज्याला पवार नको म्हणणार नाहीत, आणि जो पवारांचाही होणार नाही, असा माणूस हवा होता. निवडणूक पावणेदोन वर्षांवर. अशा वेळी कुठल्याही कारखानदार गटाला मुख्यमंत्रिपद दिलं तर दुसरा गट रुसतो. शिंदे यांचा गटच नव्हता.

ही पद्धत काही फक्त इथली नाही. ऑस्ट्रेलियात राज्याचा मुख्यमंत्री, म्हणजे तिथला प्रीमियर, आपल्या पक्षाच्या आमदारांच्या मर्जीवर खुर्चीत असतो. १९९० मध्ये लेबर पक्षाची दोन राज्यांतली सरकारं आर्थिक घोटाळ्यांत आणि तोट्यात बुडत असताना पक्षानं पुरुष प्रीमियर बदलले आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात कारमेन लॉरेन्स, व्हिक्टोरियात जोन कर्नर यांना पुढे केलं. दोघीही आपापल्या राज्यातल्या पहिल्या महिला प्रीमियर. लॉरेन्स तर साऱ्या ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही राज्याच्या पहिल्या. कर्नर १९९२ ला आणि लॉरेन्स १९९३ ला निवडणूक हरल्या. घर पडायला आलं की वासा धरायला घरात आजवर मान नसलेल्याला बोलावायचं, ही रीत दोन्हीकडची. भारतात काँग्रेसनं तर ती अनेकदा वापरली आहे: आंध्रात दामोदरम संजीवय्या १९६० ते १९६२, राजस्थानात जगन्नाथ पहाडिया १९८० ते १९८१, पंजाबात चरणजितसिंग चन्नी निवडणुकीच्या तोंडावर सप्टेंबर २०२१ ते मार्च २०२२. हे तिघंही दलित मुख्यमंत्री. दोन-सव्वादोन वर्षांच्या वर एकालाही खुर्ची लाभली नाही. उलट, स्वतःचा पक्ष आणि स्वतःची मतं असलेल्या मायावतींनी २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं उत्तर प्रदेशात पूर्ण केली. दलित सगळेच, फरक पाठीमागच्या बळाचा.

पण शिंदे यांच्या बाबतीत एक गोष्ट लॉरेन्स-कर्नर यांच्यापेक्षा वेगळी घडली, आणि ती जास्त बोलकी आहे. ते जिंकले. ऑक्टोबर २००४ च्या विधानसभेत काँग्रेस ६९, राष्ट्रवादी ७१, शिवसेना ६२, भाजप ५४. पडेल म्हणून धरलेलं सरकार परत आलं. शेतकऱ्यांना मोफत वीज देण्याचा निवडणुकीआधीचा निर्णय त्यात किती कामी आला यावर वाद होऊ शकतो. तिजोरीला तो परवडणारा नव्हता आणि पुढच्या सरकारनं तो २००५ मध्ये मागेही घेतला. नऊ अर्थसंकल्प मांडलेल्या माणसानं तो घ्यावा, हा त्यांच्या कारकिर्दीवरचा रास्त ठपका आहे. तरी राजकारणाचा हिशेब जिंकण्या-हरण्याचा असतो, आणि त्या हिशेबात शिंदे उत्तीर्ण झाले होते. जागा जास्त असूनही राष्ट्रवादीनं जादा खात्यांच्या बदल्यात मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहू दिलं. आणि काँग्रेसनं ते विलासरावांना दिलं. १ नोव्हेंबर २००४ ला देशमुखांचा शपथविधी झाला आणि शिंदे राज्यपाल म्हणून हैदराबादला रवाना झाले. निवडणूक जिंकून देणाऱ्या मुख्यमंत्र्याला त्याच पक्षानं बाजूला करावं आणि राज्यात त्याचा साधा निषेधही होऊ नये, हे कारखाना नसण्याचं मोल आहे. कारखानदार पडतो तेव्हा घरी जातो आणि घरातून पुन्हा येतो. कारखाना नसलेला पडतो तेव्हा राजभवनात जातो.

या विधानावर दुसरा आक्षेप लगेच येईल: विलासरावांचं लातूर, मांजरा कारखाना, सगळं असूनही त्यांना २००३ मध्ये काढलंच होतं ना? मग कारखाना कुठे वाचवतो? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कालावधीत आहे. कारखाना पद वाचवत नाही. तो परत येण्याची सोय ठेवतो. विलासराव २१ महिन्यांत परत आले. शंकरराव चव्हाण दोनदा आले, वसंतदादा आणि पवार त्याहून जास्त वेळा. शिंदे पुन्हा कधी मुख्यमंत्री झाले नाहीत, आणि २००८ मध्ये, पुढे २०१० मध्ये राज्याची खुर्ची रिकामी झाली तेव्हा त्यांचं नाव बातम्यांच्या पलीकडे गेलं नाही. तिसरा आक्षेप याहून अवघड आहे. वसंतराव नाईक. बंजारा समाजातले, पुसदचे, ऊसपट्ट्याशी संबंध नाही, आणि तरीही १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री. हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. मग सगळा युक्तिवादच कोसळतो की काय? मला वाटतं, नाईकांचा दाखला या युक्तिवादाला मर्यादा घालतो, तो मोडत नाही. नाईकांच्या मागे यशवंतराव चव्हाण होते, आणि यशवंतरावांच्या मागे सगळा सहकार. उसन्या बळावर का होईना, ते बळ एकसंध होतं. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, त्यानंतर दिल्लीचा हात राज्यात खोलवर शिरला, यशवंतरावांचा दबदबा उतरला, आणि १९७५ च्या फेब्रुवारीत नाईकांनाही एका इशाऱ्यावर जावं लागलं. शिंदे यांना मुख्यमंत्री म्हणून जो महाराष्ट्र मिळाला त्यात एकसंध बळ कुणाकडेच नव्हतं. बळ विभागलेलं असलं की मध्यस्थ वर येतो, पण टिकत नाही.

हे विभागलेलं बळ कसं होतं ते त्यांच्याच जिल्ह्यात दिसलं. २००३ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर शिंदे यांनी सोडलेली सोलापूर लोकसभेची जागा पोटनिवडणुकीत काँग्रेसनं गमावली. जिंकले भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील, म्हणजे अकलूजच्या कारखानदार घराण्यातले. त्यांचे थोरले बंधू विजयसिंह तेव्हा राष्ट्रवादीचे, म्हणजे शिंदे यांच्याच आघाडीतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात छगन भुजबळांच्या जागी तेच उपमुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री दोघंही एकाच जिल्ह्यातले, आणि त्या जिल्ह्यातली मुख्यमंत्र्याची जागा उपमुख्यमंत्र्याच्या भावाकडे, विरोधी पक्षाच्या चिन्हावर. याचा अर्थ विजयसिंहांनी दगा दिला असा काढण्याची गरज नाही; एवढंच दिसतं की घराण्याला पक्ष बदलून उभं राहता येत होतं, कारण मतं घराण्याची होती. सहा-आठ महिन्यांत, २००४ च्या लोकसभेत, मुख्यमंत्र्यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे सोलापुरातून उभ्या राहिल्या आणि भाजपच्या सुभाष देशमुखांकडून हरल्या. सुभाष देशमुख म्हणजे लोकमंगल समूह: बँक, कारखाना, पतसंस्था. राज्याचा मुख्यमंत्री पदावर असताना त्याच्या घरच्या मतदारसंघात त्याच्या पत्नीचा पराभव, असं उदाहरण महाराष्ट्रात सहसा सापडणार नाही.

दिल्लीतल्या पर्वाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे ते आधीपासून ज्यासाठी ओळखले जात होते तेच झाले: श्रेष्ठींना अडचण न होणारा मंत्री. २००६ पासून ऊर्जाखातं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशाच्या उत्तरेकडचे आणि पूर्वेकडचे विजेचे ग्रिड कोसळले, साठ कोटींच्या आसपास लोक अंधारात गेले, आणि त्याच ३१ जुलैला शिंदे यांना गृहमंत्री करण्यात आलं. बढतीसाठी इतका वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. गृहमंत्री म्हणून अजमल कसाबची फाशी, अफजल गुरूची फाशी, तेलंगणाच्या निर्मितीचं विधेयक हे त्यांच्या काळातले निर्णय; तेही मुळात पक्षश्रेष्ठींचे आणि मंत्रिमंडळाचे. ज्या माणसाला राज्यात स्वतःचा निर्णय राबवायला खुर्ची पुरली नाही, त्याला देशात दुसऱ्यांचे निर्णय राबवायला खुर्ची मिळाली.

करमाळा तोपर्यंत पूर्ण वेगळा झाला होता. उजनीच्या पाण्यावर ऊस आला, केळी आल्या, आणि उसाबरोबर कारखाने आणि कारखान्यांबरोबर घराणी. जगताप, बागल, पाटील या गटांत आमदारकी फिरत राहिली: जयवंतराव जगताप, दिगंबरराव बागल, मग श्यामल बागल, नारायण पाटील, २०१९ ला माढ्याकडून आलेले अपक्ष संजयमामा शिंदे, २०२४ ला पुन्हा नारायण पाटील. आदिनाथ आणि मकाईच्या निवडणुका विधानसभेइतक्याच चुरशीच्या होतात, कधी कधी जास्त. बाहेरगावचा, कुठलाच कारखाना वा गट नसलेला तरुण वकील आज करमाळ्यातून उभा राहिला तर त्याची अनामत राहील का, हा प्रश्नच आहे.

शिंदे यांच्या कन्या प्रणिती यांनी वडिलांची वाट निम्मी बदलली. २००९ मध्ये त्यांनी विधानसभेसाठी सोलापूर शहर मध्य हा खुला, शहरी मतदारसंघ घेतला आणि तीनदा जिंकला. तिथे कारखान्यांचं चालत नाही. मोर्चे आणि गल्लीबोळातली हजेरी चालते. २०२४ मध्ये त्या सोलापूर राखीव लोकसभेला उभ्या राहिल्या आणि भाजपच्या राम सातपुतेंचा सुमारे ७४ हजार मतांनी पराभव केला. त्या प्रचारात, एप्रिलमध्ये, अकलूजला मोहिते-पाटलांच्या घरी शरद पवार, विजयसिंह आणि सुशीलकुमार एकत्र जेवायला बसले. वीस वर्षांपूर्वी ज्या घराण्यानं रिकामी जागा घेतली होती, ते या वेळी शिंदे यांच्या लेकीच्या बाजूला होतं. करमाळ्याच्या मतदारानं मात्र त्या निवडणुकीत प्रणिती शिंदे यांचं नाव यंत्रावर पाहिलं नाही. फेररचनेनंतर करमाळा माढा लोकसभेत आहे, आणि तिथून त्या वर्षी खासदार झाले धैर्यशील मोहिते-पाटील. अकलूजचेच.